कैद्याचं ताट, कामगाराचं ताट

लोअर परळच्या काचेच्या इमारतींत नोकरी करणाऱ्यांनो, या महिन्याचं पगारपत्रक उघडून बघा. भविष्य निर्वाह निधी आणि प्राप्तिकर यांच्या आसपास एक छोटी कपात दिसेल. व्यवसाय कर, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. ही कपात कशाची, असं मी परवा सेनापती बापट मार्गावरच्या एका टपरीवर चहा पिणाऱ्या सात-आठ जणांना विचारलं. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं होती. एकालाही सांगता आलं नाही.

सांगतो. महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. दुष्काळी तालुक्यात हाताला काम नसलेल्या माणसाच्या मजुरीत शहरातल्या पगारदाराने वाटा उचलायचा, सरकारने त्यात आपली भर घालायची, असा तो उघड करार होता.

माझ्या घराने या कराची दोन्ही टोकं पाहिली आहेत. वडील गिरणीत साचेवाले. डिलाईल रोडच्या चाळीत आमची एक खोली. त्यांच्या पगारातून हा कर कापला जायचा आणि इतर चार कपातींसारखा तोही ते न विचारता सोडून द्यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. होळीपर्यंत वाण्याने उधारी बंद केली. मे महिन्यात आईने आम्हा तिघा भावंडांना घेऊन माण तालुक्यातलं गाव गाठलं. वडील मुंबईतच थांबले, संप आज मिटेल उद्या मिटेल म्हणून. गावाबाहेर पाझर तलावाचं काम चालू होतं, हमीचं. गिरणगावात पंधरा वर्षं काढलेली माझी आई तिथे मातीच्या पाट्या उचलायला गेली. हजेरीपटावर तिचं नाव चढलं. शेजारच्या गड्याला जो दर, तोच तिला. त्या पैशांच्या बाजरीवर आम्ही चौघं पहिल्या पावसापर्यंत जगलो.

वडिलांच्या पाकिटातून गेलेले पैसे आईच्या पदरात आले होते. हे मला कळलं ते फार पुढे, वाचनालयात बसून जुने अंक चाळताना. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे आहे. माणमधल्या बाईला काम मागण्याचा हक्क आहे आणि त्याचे पैसे मुंबईने भरायचे, हे ठरलं कसं? कुणाच्या मनात दया आली म्हणून असले कायदे होत नाहीत. कुणीतरी मोजलेलं असतं.

ते मोजमाप ज्या साप्ताहिकात छापून आलं, त्याची कचेरी आज लोअर परळातच आहे. गणपतराव कदम मार्गावर ए टू झेड इंडस्ट्रियल इस्टेट नावाची गाळ्यांची इमारत आहे, तिथे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ निघतं. १९४९ मध्ये सचिन चौधरींनी ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केलं, १९६६ पासून ते आताच्या नावाने समीक्षा न्यासातर्फे चालतं. आजूबाजूच्या मनोऱ्यांतून रोज हजारो माणसं या इमारतीवरून जातात. शेजारच्या मॉलमध्ये कुठलं दुकान उघडलं हे त्यांना ठाऊक असतं. भारतातल्या गरिबीवरची सर्वांत मोठी वादावादी या पत्त्यावर साठवलेली आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

१९७१ च्या जानेवारीत, २ आणि ९ तारखेच्या अंकांत, या साप्ताहिकात ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा दीर्घ अभ्यास आला. कचेरी तेव्हा फोर्टात होती. लेखक दोघे, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ, पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेतले. त्यांनी सरकारी पाहण्यांचेच आकडे घेतले आणि साधा प्रश्न विचारला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न घ्यायला, आणि त्या पातळीवरची माणसं जो इतर खर्च करतात तो भागवायला, किती पैसे लागतात? उत्तर आलं, १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. आणि तेवढेही पैसे ज्यांच्याकडे नाहीत असे लोक किती? खेड्यांत ४० टक्के, शहरांत ५० टक्के.

पुढचं जास्त बोचणारं होतं. साठच्या दशकात देशाचा विकास झाला, पण खेड्यातल्या तळच्या पाचव्या हिश्श्याच्या पदरात काही पडलं नाही, आणि शहरातल्या तळच्या पाचव्या हिश्श्याची स्थिती खालावली, असं त्यांनी मांडलं. शहरातली गरिबी म्हणजे खेड्यातल्या गरिबीचा ओघळ आहे, हेही त्यांचंच. हे वाक्य मी वाचलं तेव्हा आमची चाळ डोळ्यांसमोर आली. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, नगरचा ओघळ एकेका खोलीत साचलेला. उपाय म्हणून त्यांनी मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामं काढून मजुरी द्या असं सांगितलं, आणि त्यासाठी वरच्या दहाव्या हिश्श्याने आपल्या उपभोगाला कात्री लावावी असंही सांगितलं.

रोजगार हमी या एका लेखातून जन्मली असं मी म्हणणार नाही. वि. स. पागे यांनी तिचा प्रयोग १९६५ मध्येच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला होता. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत, सुकडी खात. कामासाठी मोर्चे निघत होते. कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे देशाने २००५ मध्ये जो कायदा केला त्याची मुळं इथे आहेत. पण दुष्काळ ही देवाची करणी, पाऊस आला की संपेल, असं म्हणून १९७४ मध्ये ही सगळी कामं बंद करता आली असती. ती पळवाट गोखले संस्थेच्या आकड्यांनी बुजवली. पाऊस चांगला झालेल्या वर्षीही खेड्यातली चाळीस माणसं शंभरात उपाशी आहेत, हे छापून झालेलं होतं. ते पुसता येणार नव्हतं.

मग योजना सुरू झाल्यावरही संस्था थांबली नाही. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी हमीच्या कामावरच्या मजुरांची पाहणी केली आणि १९८० मध्ये त्याच साप्ताहिकात मांडली. या कामांवर बायकांचा वाटा किती मोठा आहे, हे त्यातून पुढे आलं. १९८५ मध्ये रथांनी केंद्राच्या कर्ज-अनुदानाच्या योजनेवर लेख लिहिला. गरिबाला एक म्हैस घेऊन दिली म्हणजे तो गरिबीतून वर येईल, या समजुतीला त्यांनी आकड्यांनी धक्का दिला आणि मजुरीच्या कामाची बाजू घेतली. म्हशीच्या कर्जात बुडालेली घरं आमच्या गावातही होती. त्यांच्या बाजूने बोलणारा एक माणूस पुण्यात बसलेला आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

आता लोअर परळकडे वळतो. इथली मोजणी त्याहून जुनी आहे.

१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने गिरणगावातल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबांचे हिशेब घेतले. अहवाल १९२३ मध्ये निघाला. त्यातलं एक निरीक्षण आजही वाचताना मान खाली जाते. गिरणी कामगार जेवढं धान्य खातो ते दुष्काळी कामांच्या संहितेत ठरवलेल्या कमाल धान्याएवढं आहे, पण मुंबईच्या तुरुंगाच्या नियमपुस्तकात कैद्याला जो आहार लिहिला आहे त्यापेक्षा कमी आहे. ज्या गिरण्यांच्या जिवावर मुंबई उभी राहिली, त्या चालवणाऱ्याच्या ताटात येरवड्याच्या कैद्यापेक्षा कमी. शंभरातली ९७ कामगार कुटुंबं एका खोलीत राहतात आणि सावकार महिन्याला रुपयामागे एक आणा व्याज घेतो, म्हणजे वर्षाला ७५ टक्के, हेही त्याच अहवालात आहे.

तुरुंगाचं ताट मापाला घेण्याची कल्पना दादाभाई नौरोजींची. १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या गरिबीवर निबंध वाचला. माणशी वर्षाचं उत्पन्न २० रुपये धरलं आणि त्याच्या शेजारी कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला. परदेशी जाणाऱ्या मजुरांना बोटीवर किती शिधा द्यायचा याचं सरकारी कोष्टकही ठेवलं. सरकारचाच कागद, सरकारचाच आकडा, फक्त शेजारी ठेवला. त्यासाठी लागला एक बाहेरचा माणूस आणि एक सभा, जी सरकारच्या परवानगीवर भरत नव्हती.

१९२३ चा अहवाल मात्र सरकारी कचेरीचा होता, आणि एका परक्या सरकारने आपल्याला लाज आणणारं वाक्य स्वतःच्या खर्चाने छापलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण अहवाल एकटा काही करत नाही, हेही इथेच दिसतं. रुपयामागे आणा हे व्याज १९२३ मध्ये छापून झालं आणि पन्नास वर्षं कागदावर पडून राहिलं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका सावकाराकडे आणि वाण्याकडे अडकलेल्याच होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी १४ जणींना सरकारी बँकेकडून प्रत्येकी १,५०० रुपये मिळवून दिले आणि त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. एका बाईने जे करून दाखवलं ते करायला बँकांना पन्नास वर्षं कुणी अडवलं होतं?

या सगळ्यातलं मला सर्वांत जवळचं उदाहरण वर्ध्याचं आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात शेतमजुराचं किमान वेतन दिवसाला चार रुपये होतं. ते ज्या समितीच्या हिशेबावर ठरलं तिचे अध्यक्ष वि. स. पागे. होय, विसापूरचे तेच पागे. गरिबाच्या बाजूचा, सज्जन माणूस. वर्ध्याच्या डॉ. अभय बंग यांनी समितीचा हिशेब पुन्हा करून पाहिला. मजुराच्या शरीराला किती अन्न लागतं, त्याला किती खर्च येतो, हे तपासलं. समितीच्या गणितात चुका निघाल्या. बरोबर बेरीज केली तर वेतन बारा रुपये येत होतं. चारचे बारा. आंदोलन झालं, दबाव आला आणि सरकारने वेतन वाढवून बारावर नेलं.

या गोष्टीत कुणी खलनायक नाही, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. स्वतंत्र संशोधन म्हणजे सरकारची चोरी पकडणारा शिपाई, असा आपला समज असतो. इथे चोरी नव्हती, चूक होती, तीही भल्या माणसाची. चार रुपयांचा तो आकडा लाखो घरांतल्या चुलींवर बसलेला होता आणि समितीतल्या कुणालाही तो खटकला नाही. खटकायला बाहेरचा माणूस लागला, ज्याला समितीची मर्जी राखायची नव्हती. संशोधन संस्थेकडून मला एवढंच हवं आहे. तिने पुन्हा मोजावं.

आणि एकमेकांचंही मोजावं. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जागतिक अन्न आणि शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. निवृत्तीनंतर पुण्यात आले आणि त्यांनी दांडेकरांच्या मापालाच हात घातला. माणसाचं शरीर सरासरीवर चालत नाही, कमी उष्मांकांवरही ते काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीच्या खाली जेवणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नका, असं त्यांचं म्हणणं. दांडेकरांनी ते मानलं नाही. वाद वर्षानुवर्षं चालला. मी दांडेकरांच्या बाजूचा आहे, कारण शरीर जुळवून घेतं म्हणजे काय करतं हे मी घरात पाहिलं आहे. पण सुखात्म्यांनी वाद घातला म्हणूनच दांडेकरांना आपलं माप इतकं घासून घ्यावं लागलं.

घरात पाहिलं आहे म्हणालो, ते सांगतो. १९८३ चा उन्हाळा. आम्ही गावाहून परत आलो होतो. गिरणी वडिलांना परत घेत नव्हती. एका दुपारी कुठल्याशा संस्थेतून एक तरुण बाई पाहणीचा कागद घेऊन चाळीत आली. आईला विचारलं, दिवसातून किती वेळा जेवता?

“दोन टायमाला जेवतो की. पोटभर,” आई म्हणाली. बाईने लिहून घेतलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला ती पुन्हा आली. दारात उंबऱ्यावर बसली, आईशी गावच्या पावसाबद्दल बोलत राहिली. आठ वाजले तरी आमचा स्टो पेटला नव्हता. धाकट्याने डबा उघडून कोरडे चुरमुरे खाल्ले आणि तो झोपला. बाईने कागद काढला, आदल्या दिवशीचं उत्तर खोडलं आणि काही न विचारता नवं लिहिलं. आईला राग आला. “आम्ही काय भिकारी न्हाय,” एवढंच बोलली. नंतर तिने रॉकेल घालून स्टो पेटवला आणि बाईला कोरा चहा करून दिला. ती पाहणी कुठे छापली गेली, मला सापडली नाही. पण मोजणं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकलो. पहिलं उत्तर अब्रूचं असतं. खरं उत्तर दुसऱ्या खेपेला मिळतं, स्वयंपाकाच्या वेळी गेलात तर.

भायखळ्याच्या स्पार्क संस्थेला हे नीट कळलं होतं. १९८५ मध्ये ई वॉर्डातल्या फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी त्यांनी त्या वस्त्यांतल्या बायकांना सोबत घेऊन केली. महापालिका तेव्हा झोपड्या तोडायला निघाली होती आणि त्याच जुलैमध्ये या झोपड्यांबद्दलच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. फुटपाथवर कोण राहतं याबद्दल शहराचं मत ठाम होतं, भिकारी, उपरे, चोर. मोजणीत निघाली जवळच्याच बाजारात, घरांत, दुकानांत राबणारी माणसं. कामाच्या जागेपासून लांब राहिलं तर गाडीभाड्यातच मजुरी संपेल म्हणून तिथे झोपणारी. आपली मोजणी आपण केली की महापालिकेशी बोलताना हातात कागद असतो, हे त्या बायकांनी शहराला शिकवलं.

आमच्या गिरणगावाला ते उशिरा सुचलं. संपात अडीच लाख कामगार होते. नंतर किती जण कुठे गेले, किती गावी, किती रिक्षावर, किती दारूत, याची नीट मोजदाद राज्याने केली नाही. गिरणी कामगारांना द्यायच्या घरांसाठी अर्ज मागवले तेव्हा, संपानंतर जवळपास तीस वर्षांनी, दीड लाखांहून अधिक कागद जमा झाले. पहिली सोडत २०१२ ची, ६,९२५ घरांची. गिरण्यांच्या जमिनीचे तीन सारखे भाग करायचे, एक शहराला मोकळा, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला, असा १९९१ चा नियम होता. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्यापुरती उरली. जमिनीचा हिशेब मालकांकडे फुटाफुटाचा होता. माणसांचा हिशेब कुणाकडेच नव्हता. वाटाघाटीला बसताना एकाच्या हातात नकाशा आणि दुसऱ्याचे हात रिकामे, तर निकाल काय लागणार ते दिसतंच.

आता १९२३ चं ते वाक्य आठवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या केंद्र सरकारने २०१७-१८ च्या घरखर्च पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करणार नाही असं जाहीर केलं. आकड्यांचा दर्जा बरा नाही, हे कारण. दर्जा वाईट असेल तर छापा आणि वाईट का ते लिहा, जगभर असंच करतात. आपण अहवाल बंद केला. २०११-१२ नंतर छापली गेली ती थेट २०२२-२३ ची पाहणी. मधली अकरा वर्षं, ज्यात नोटबंदी आली, महासाथ आली, लोक मुंबईहून चालत गावी गेले, त्या काळात या देशात गरीब किती हे सांगणारा घरखर्चाचा अधिकृत आकडा नाही. दांडेकर-रथांनी सरकारी पाहणीवरच आपलं गणित उभं केलं होतं. पाहणीच कुलपात गेली तर पुन्हा मोजणार काय?

म्हणून संस्था स्वतंत्र आहे की नाही हे तपासायला मी एकच प्रश्न विचारतो. हिचा अहवाल दाबायचा झाला तर तो कोण दाबू शकतो? पैसा कुठून येतो, हा प्रश्न दुसरा. १९७१ च्या अभ्यासाला फोर्ड फाउंडेशनचा, म्हणजे अमेरिकेचा पैसा होता आणि त्यातून श्रीमंतांच्या उपभोगाला कात्री लावा अशी शिफारस आली. आज परकी देणगी हाच संशयाचा पुरावा मानला जातो. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चची परदेशी देणगी घेण्याची नोंदणी जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. ठीक, परका पैसा नको. मग घरचा कुठे आहे?

दाबणारा हात घरातलाही असतो. २०१७ मध्ये लोअर परळच्याच साप्ताहिकात एका उद्योगसमूहावरचे लेख आले, वकिलाची नोटीस आली, विश्वस्तांनी लेख काढून टाकायला लावले आणि संपादकांनी राजीनामा दिला. मला त्या साप्ताहिकाबद्दल प्रेम आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे. विश्वस्त चुकले. नोटिशीला उत्तर देता आलं असतं.

घरचा पैसा इथेच आहे, या मनोऱ्यांत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले. कामांच्या यादीतलं पहिलंच कलम भूक, गरिबी आणि कुपोषण दूर करण्याचं आहे. त्या पैशांतून दप्तरं वाटली जातात, शौचालयं बांधली जातात, आणि त्याने काय साधलं हे सांगायला सल्लागार नेमले जातात. असल्या एका अहवालाचं मराठी भाषांतर मी केलं आहे. मसुद्यात दोन गावांबद्दल लिहिलं होतं की शौचालयं बांधली पण पाणी नाही, त्यात आता सरपण ठेवतात. अंतिम प्रत आली तेव्हा ती दोन गावंच त्यात नव्हती. ज्याने पैसे दिले त्याने मसुदा आधी पाहिला होता. याला संशोधन म्हणू नका.

साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांनी देणगी दिली आणि १९३० मध्ये गोखले संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. जिल्ह्याच्या गावातल्या एका वकिलाला जे सुचलं ते लोअर परळमधल्या एकाही कंपनीला का सुचू नये? माझी मागणी साधी आहे. दोन टक्क्यांतला काही हिस्सा मोजणाऱ्यांना द्या, आणि करारात तीन गोष्टी लिहा. देणगीदार अहवाल छापण्याआधी पाहणार नाही. जमवलेले आकडे सगळ्यांसाठी खुले राहतील. आणि ज्यांना मोजलं त्यांना अहवाल त्यांच्या भाषेत वाचून दाखवला जाईल.

तिसरी अट मला सर्वांत जिव्हाळ्याची आहे. साताऱ्याच्या मजुराची, लालबागच्या खानावळवालीची, ई वॉर्डातल्या फुटपाथची गोष्ट इंग्रजीत लिहिली जाते आणि इंग्रजीतच वाचली जाते. पुण्याहून ‘अर्थबोधपत्रिका’ निघते, ती अपवाद. आईला मोजलेला कागद आईने कधी पाहिला नाही. तिला कुणी सांगितलं असतं की तू ज्या पाट्या उचलल्यास त्यांच्या मजुरीत तुझ्या नवऱ्याच्या कापलेल्या पगाराचा वाटा होता, तर ती हजेरीपटापुढे मान वर करून उभी राहिली असती. हमीच्या कामाला ती मरेपर्यंत ‘सरकारी धरम’ म्हणत राहिली.

सुरुवात लांब जाऊन करू नका. ए टू झेडच्या गाळ्यांपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत करा. रात्री अकराच्या सुमाराला मनोऱ्यांच्या मागच्या फाटकांवर या. बारा तासांच्या पाळीचे रखवालदार, लादी पुसणाऱ्या बायका, दुचाकीवर पाठीमागे जेवणाची पेटी बांधलेली पोरं तिथे टेकलेली असतात. त्यांच्या हातात महिन्याला किती पडतं, त्यातलं ठेकेदार किती कापतो, कल्याणच्या किंवा दिव्याच्या खोलीचं भाडं किती, गावी किती जातात, मोबाईलवरच्या कर्जाचं व्याज रुपयामागे किती आण्यांवर गेलं आहे, हे सगळं लिहून घ्या. १९२३ चं ते कोष्टक शेजारी ठेवा. तुरुंगाचं नियमपुस्तक आजही आहे, तेही ठेवा.

जेवलात का, असं विचारलंत तर जेवलो म्हणतील. दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या वेळेला पुन्हा जा.